आखलेले राष्ट्र आणि सांगितलेले राष्ट्र

कोणत्याही राष्ट्राचा इतिहास दोन ठिकाणी शोधता येतो : त्याच्या नकाशात आणि त्याच्या कथांत. ज्या देशांत ही दोन्ही अंगे शतकानुशतके एकमेकांत मिसळून गेली आहेत, तेथे त्यांचा भेद सहसा जाणवत नाही. परंतु पश्चिम आफ्रिकेतील राष्ट्रांच्या बाबतीत तो भेद अद्याप उघडा आहे. आणि नायजेरियाइतका तो अन्यत्र क्वचितच स्पष्ट दिसेल. ह्या देशाचे नाव तेथील कोणत्याही भाषेने सुचविलेले नव्हे. फ्लोरा शॉ ह्या इंग्रज पत्रकार बाईंनी १८९७ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रात ते सुचविले. १ जानेवारी १९१४ रोजी उत्तर व दक्षिण ही दोन संरक्षित राज्ये एकत्र करून आजचा देश ज्याने घडविला, तो फ्रेडरिक लुगार्ड पुढे ह्याच बाईंचा पती. आणि त्याचा जन्म १८५८ साली मद्रासेत झालेला. स्थानिक अमीर व राजे गादीवर ठेवून त्यांच्या आडून राज्य करण्याची जी पद्धती त्याने तेथे रूढ केली, तिचे भारतातील संस्थानी कारभाराशी असलेले साम्य सहज लक्षात येते. सारांश, नायजेरियाची सीमारेषा आधी आली. त्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसांनी आपण कोण, हा प्रश्न नंतर विचारला. त्यांचे आधुनिक साहित्य हे बहुतांशी ह्या प्रश्नाचे उत्तर होय.

हा विषय भारतीय वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. पश्चिम आफ्रिका आणि भारत ह्यांना जोडणारा एक धागा चंदीगडच्या भूमीतच सापडतो. मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे ब्रिटिश स्थापत्यविशारद दांपत्य दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पश्चिम आफ्रिकेत नगररचनेचे काम करीत होते. १९४८ साली स्थापन झालेल्या इबादान येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचा परिसर त्यांनीच रचला. आणि १९५१ पासून तीन वर्षे ल कॉर्ब्युझिए व पिएर जनरे ह्यांच्यासमवेत पंजाबच्या नव्या राजधानीची घरे, शाळा व इस्पितळे उभारण्याचे कामही त्यांनीच केले. ऊन अडवून वारा आत घेणारी जाळीदार भिंत त्यांनी दोन्हीकडे वापरली. इबादानच्या ह्याच विद्यालयातून चिनुआ अचेबे, वोले शोयिंका, ख्रिस्तोफर ओकिग्बो आणि जे. पी. क्लार्क हे लेखक बाहेर पडले.

चंदीगडचा सेक्टर ३४ हा ह्या चौघांपैकी कोणाच्याही हातचा नव्हे असे म्हणता येईल. परंतु तो त्यांच्या आखणीचा वारस आहे. पहिल्या टप्प्यात सेक्टर ३० पर्यंतचा, दीड लाख वस्तीचा भाग होता. दक्षिण मार्गापलीकडचा हा सेक्टर दुसऱ्या टप्प्यातला. आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब हा त्याचा आकार तेथे कोण राहावयास येणार हे ठाऊक होण्यापूर्वीच ठरला होता. तेथून थोड्याच अंतरावर, सेक्टर ४५ मध्ये, बुडैल हे जुने गाव त्या सरळ रेषांच्या मध्ये आपल्या वाकड्या गल्ल्यांसह टिकून आहे. आखणी आणि वस्ती ह्यांच्यातील हे अंतर नगरात सोसता येते. राष्ट्रात ते सोसावे लागते तेव्हा त्याचे मोल फार भारी असते.

अर्थात् ही तुलना फार ताणता येणार नाही. भारतालाही परक्यांच्या रेषा वारशाने मिळाल्या होत्या. परंतु स्वातंत्र्यानंतर देशाने आपल्या अंतर्गत रेषा भाषेच्या आधारे पुन्हा आखल्या. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला, आणि १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन होऊन चंदीगड हे केंद्रशासित व दोन राज्यांची राजधानी बनले. ह्या फेरआखणीने सर्वांचे समाधान झाले नाही. चंदीगडचा वाद आणि बेळगावचा वाद आजही मिटलेले नाहीत. तथापि हे वाद आयोग, विधिमंडळ, न्यायालय आणि आंदोलन ह्यांच्या भाषेत मांडले गेले आहेत. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर अवघ्या पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९६० रोजी, नायजेरिया स्वतंत्र झाला तो मात्र उत्तर, पश्चिम व पूर्व अशा तीन अवाढव्य प्रांतांसह. आणि प्रत्येक प्रांतावर अनुक्रमे हौसा-फुलानी, योरुबा व इग्बो ह्या एकेका मोठ्या समाजाची पकड होती. पाचशेहून अधिक भाषांच्या ह्या देशात लहान समाजांना आपले घर नव्हते. हे प्रांत मोडून बारा राज्ये करण्याची घोषणा झाली २७ मे १९६७ रोजी. आणि तीनच दिवसांनी पूर्व भागाने बिआफ्रा ह्या नावाने आपले स्वातंत्र्य पुकारले. फेरआखणी आली, पण ती उशिरा आणि लष्कराच्या हुकुमाने आली.

ही सारी वाटचाल अचेबे ह्यांच्या पहिल्या चार कादंबऱ्यांत आढळते. 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे इग्बो खेडे आहे. 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) मध्ये १९२० नंतरचा अप्रत्यक्ष राज्यकारभार आहे. 'नो लाँगर ॲट ईज' (१९६०) मध्ये स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे लागोस आहे. आणि 'अ मॅन ऑफ द पीपल' (१९६६) मध्ये स्वातंत्र्यानंतरचे मंत्री व त्यांची लूट आहे. प्रकाशनाचा क्रम आणि काळाचा क्रम एक नाही. परंतु चारही एकत्र वाचल्या म्हणजे सत्तर वर्षांचा एक सलग इतिहास उभा राहतो. अचेबे ह्यांनी हरवलेल्या सुवर्णयुगाचे गोडवे गाइले, असा समज पुष्कळदा आढळतो. तो खरा नव्हे. ओकोंक्वोचे खेडे जुळ्या अर्भकांना रानात टाकून देते. ज्या मुलाने ओकोंक्वोला बाप मानले, त्याच्या वधात तो स्वतः हात घालतो. नव्या धर्माकडे प्रथम कोण वळतात? ज्यांना जुन्या धर्माने बाहेर ठेवले होते ते. मराठी वाचकाला ह्या ठिकाणी महात्मा फुले ह्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. समाज बाहेरून मोडला गेला हे खरे. पण तो कोठे मोडेल हे आतल्या भेगांनी आधीच ठरविले होते, हे अचेबे ह्यांचे खरे प्रतिपादन होय.

'ॲरो ऑफ गॉड' ह्या कादंबरीत ही दृष्टी सर्वांत परिपक्व झाली आहे. पुरोहित एझेउलू सरकारी मुखत्यारी नाकारतो व तुरुंगात पडतो; सुटून आल्यावर आपल्या अपमानाचा सूड तो गावावरच उगवतो आणि सुगीचा सण जाहीर करीत नाही. पीक शेतात सडू लागते. शेवटी लोक आपले पीक ख्रिस्ती देवळात नेऊन वाहतात. येथे कोणीही तलवार उपसलेली नाही. एका बाजूला अहंकार, दुसऱ्या बाजूला भूक, आणि मध्ये एक तयार पर्याय. धर्मांतराचे इतके निष्पक्षपाती चित्रण कोणत्याही साहित्यात दुर्मिळच म्हणावे लागेल.

चौथ्या कादंबरीचा शेवट लष्करी उठावाने होतो. ती जानेवारी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला नायजेरियात पहिला लष्करी उठाव झाला. ह्या योगायोगाने लेखकावर कटाचा संशय घेतला गेला. वस्तुतः त्यात भविष्यवाणी नव्हती; जे राज्य कोणालाच आपले वाटत नाही ते लुटण्यात कोणाला पाप वाटत नाही, आणि ते उलथण्यातही वाटत नाही, हे त्या कादंबरीचे साधे तर्कशास्त्र होते. पुढच्या युद्धात ओकिग्बो १९६७ साली बिआफ्राच्या बाजूने लढताना पडला. शोयिंका १९६७ ते १९६९ कारावासात होते. अचेबे बिआफ्राचे दूत म्हणून देशोदेशी फिरले. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपले तेव्हा लाखो माणसे, आणि त्यांत फार मोठ्या संख्येने मुले, उपासमारीने मेली होती.

ह्या मृत्यूंची छाया पुढील साहित्यावर पडली, आणि ती व्यक्त करण्यास एक जुनी लोकसमजूत उपयोगी पडली. पुन्हापुन्हा जन्मून बालपणीच मरणारे मूल हे प्रत्येक वेळी तेच असते, अशी ही समजूत. योरुबा लोक त्या मुलास 'अबिकू' म्हणतात, इग्बो लोक 'ओग्बांजे'. शोयिंका आणि क्लार्क ह्या दोघांनीही 'अबिकू' ह्याच नावाची कविता लिहिली आहे. बेन ओक्री ह्यांच्या 'द फॅमिश्ड रोड' (१९९१) ह्या कादंबरीचा निवेदक असेच मूल आहे, आणि तो देशच तसा असल्याचे तीत सूचित होते. इतिहास ह्या रूपकाला पुष्टी देतो. पहिले प्रजासत्ताक १९६३ ते १९६६ जगले, दुसरे १९७९ ते १९८३. तिसरे १९९३ साली निवडणूक रद्द होऊन जन्मण्यापूर्वीच गेले. चौथे १९९९ पासून टिकून आहे, आणि २०१५ साली त्याने सत्तारूढ अध्यक्षाचा मतपेटीतून झालेला पराभवही पचविला. मराठीत ह्या समजुतीला नेमका शब्द नाही. परंतु तिच्यामागचे भय मराठी घरांना अपरिचित नाही. मुले वाचत नसली म्हणजे पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवण्याची रीत त्याच भयातून आली. 'अबिकू'चा मराठी अनुवाद कोशात सापडणार नाही, तो अशा नावांत सापडेल.

येथून भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. १९६२ साली युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. पुढच्याच वर्षी ओबी वाली ह्या नायजेरियन समीक्षकाने असे लेखन आफ्रिकी साहित्याला कोणत्याही मुक्कामी नेणार नाही, असा आक्षेप घेतला. अचेबे ह्यांनी इंग्रजीचा पक्ष घेतला. पण ती इंग्रजी आपल्या मातीला मानवेल अशी वाकवून घेतली पाहिजे, ह्या अटीवर. मराठी समीक्षेत भालचंद्र नेमाडे ह्यांनी मांडलेल्या देशीयतेच्या विचाराशी हा वाद ताडून पाहण्याजोगा आहे. देशीयतेच्या कसोटीला अचेबे वरवर पाहता उतरत नाहीत, कारण भाषा परकी. मात्र त्या परक्या भाषेतील वाक्याची चाल, म्हणींचे वजन व सभेतील बोलण्याची मर्यादा हे सर्व इग्बो आहे.

तथापि त्यांनी इग्बोत कादंबरी का लिहिली नाही, ह्याचे उत्तर केवळ मोठ्या वाचकवर्गाचा मोह असे देता येणार नाही. मिशनऱ्यांनी १९१३ साली अनेक बोलींचे मिश्रण करून बायबलसाठी एक संयुक्त इग्बो घडविली. जिवंत बोलीचा ताल तीत उरला नाही, असे अचेबे ह्यांचे मत होते. ओकिग्बोच्या मृत्यूवरील विलापिका त्यांनी इग्बोतच लिहिली, हेही विसरता येत नाही. ह्या बाबतीत मराठीचे भाग्य वेगळे. मोल्सवर्थ ह्यांचा कोश १८३१ साली झाला तेव्हा त्यामागे ज्ञानेश्वरांपासूनची लेखनपरंपरा उभी होती. कोशकाराला भाषा नव्याने बनवावयाची नव्हती. म्हणूनच इंग्रजी विद्येने पोसलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांना १८७४ साली 'निबंधमाला' मराठीत काढता आली. नायजेरियातही हे सर्वत्र अशक्य नव्हते. सॅम्युएल अजयी क्राउदर ह्या योरुबा धर्मोपदेशकाने १८४३ साली आपल्या भाषेचा शब्दसंग्रह सिद्ध केला, आणि १९३८ साली डी. ओ. फागुन्वा ह्यांनी योरुबात कादंबरी लिहिली. तिचा इंग्रजी अनुवाद शोयिंका ह्यांनी केला. हौसा भाषा तर शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जात होती. तेव्हा ओबी वाली ह्यांचा आक्षेप अचेबे ह्यांच्या यशाने खोटा ठरला असे नव्हे. त्या यशाने तो केवळ झाकला गेला.

इंग्रजीतील ह्या कृती मराठीत आणताना अनुवादकापुढे जे प्रश्न येतात, ते ह्याच इतिहासाचे अवशेष होत. पहिला प्रश्न 'ट्राइब' ह्या शब्दाचा. त्याला 'टोळी' म्हणणे हे सरळ सरळ वसाहती अधिकाऱ्याच्या चष्म्यातून पाहणे आहे. 'जमात' म्हटले तर भारतीय वाचकाच्या मनात राज्यघटनेतील अनुसूचित जमाती उभ्या राहतात. कोट्यवधी लोकसंख्येच्या इग्बो किंवा योरुबा समाजाला ह्यांपैकी एकही शब्द लागू पडत नाही. मराठी भाषिकांना कोणी टोळी म्हणत नाही. मग त्यांनी इतरांना का म्हणावे? 'इग्बो लोक' किंवा 'इग्बो समाज' एवढे पुरेसे आहे.

दुसरा प्रश्न 'यॅम' ह्या कंदाचा. त्याला 'रताळे' म्हणणे ही निव्वळ चूक होय. कोकणातील कोनफळ हे त्याच कुळातील. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शब्द बिनचूक. परंतु मराठी घरात कोनफळ हा हिवाळ्यातला एक कंद, क्वचित उपवासाचा पदार्थ. इग्बो समाजात त्या कंदाच्या राशीवरून पुरुषाची योग्यता ठरते. शब्द बरोबर आणि प्रतिष्ठा चूक, अशी ही अडचण आहे. तिसरा प्रश्न 'ची' ह्या संज्ञेचा. प्रत्येक माणसाबरोबर जन्मणारे हे त्याचे स्वतःचे दैवत. 'प्रारब्ध' म्हटले तर पूर्वजन्माचे कर्म आत शिरते, 'दैव' म्हटले तर माणूस हतबल होतो. उलट इग्बो धारणेत माणसाच्या निश्चयाला त्याची 'ची' होकार देऊ शकते. ओकोंक्वोची शोकांतिका दैवाची की स्वभावाची, हा सारा वाद ह्या एका शब्दावर उभा आहे. अशा ठिकाणी मूळ शब्द ठेवणे आणि संदर्भाने त्याचा अर्थ उलगडू देणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

अचेबे म्हणजे नायजेरिया, असे समीकरण मात्र मांडता कामा नये. त्यांचे चित्र मुख्यतः इग्बो आहे आणि मुख्यतः पुरुषांचे आहे. त्याची पूर्तता फ्लोरा न्वापा ह्यांच्या 'एफुरु' (१९६६) व बुची एमेचेता ह्यांच्या 'द जॉइज ऑफ मदरहुड' (१९७९) ह्या कादंबऱ्यांनी केली. युद्धावरील त्यांचे 'देअर वॉज अ कंट्री' (२०१२) हे पुस्तक निघाले तेव्हा योरुबा वाचकांनी, विशेषतः ओबाफेमी अवोलोवो ह्यांच्यावरील आरोपामुळे, त्याला तीव्र विरोध केला. उत्तरेकडील कानो शहरात तर स्त्रियांनी हौसा भाषेत लिहिलेल्या स्वस्त, लोकप्रिय कादंबऱ्यांची एक स्वतंत्र बाजारपेठ आहे. बलाराबा रमत याकुबु ह्यांच्या अशा एका कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१२ साली प्रसिद्ध झाला तो चेन्नईच्या ब्लाफ्ट ह्या प्रकाशनसंस्थेकडून. लंडनच्या मध्यस्थीवाचून हौसातील पुस्तक भारतात येऊ शकते, हे ह्या एका उदाहरणाने दाखवून दिले.

आजच्या नायजेरियाच्या अडचणी ह्या साहित्याच्या पार्श्वभूमीवर अधिक नीट उमगतात. १९५६ साली ओलोइबिरी येथे खनिज तेल सापडले आणि हळूहळू राज्याचा खजिना करदात्यावर नव्हे तर तेलावर अवलंबून राहिला. ज्यांच्या भूमीतून तेल निघाले त्या ओगोनींचा कैवार घेणारे लेखक केन सारो-विवा १९९५ साली फासावर गेले. १९९१ साली राजधानी लागोसहून अबुजा ह्या नव्याने आखलेल्या नगरात गेली, कारण ते कोणत्याच मोठ्या समाजाचे नव्हते. राज्यांची संख्या आता ३६ आहे. तरीही २०१४ साली चिबोक येथून २७६ शाळकरी मुली पळविल्या गेल्या तेव्हा राज्य हतबल दिसले. २०२३ साली इंधनावरील सरकारी साहाय्य बंद झाले व चलनाचे मूल्य कोसळले. तरुणांत 'जापा' हा योरुबा शब्द परवलीचा झाला आहे. त्याचा अर्थ निसटून जाणे, देश सोडणे. सेक्टर ३४ मधील शिकवणीवर्गांच्या फलकांवर परदेशगमनासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षांची नावे वाचणाऱ्याला ह्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. इंग्रजी ही लेखकाला जोडणारी भाषा आहे, तशीच ती तरुणाला देशाबाहेर नेणारीही आहे. दोन्ही देशांचे हे समान दुखणे होय. आणि मे २०२४ मध्ये नायजेरियाने आपले १९७८ साली टाकून दिलेले राष्ट्रगीत पुन्हा स्वीकारले. ते १९६० साली एका ब्रिटिश बाईने लिहिलेले होते. नाव परक्याचे, रेषा परक्याची, आणि गीतही.

'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या अखेरीस एक इंग्रज अधिकारी आपल्या नियोजित ग्रंथात ओकोंक्वोला एखादा परिच्छेद द्यावा असा विचार करतो. चिमामांडा न्गोझी अदिची ह्यांच्या 'हाफ ऑफ अ यलो सन' (२००६) ह्या बिआफ्रा युद्धावरील कादंबरीत एक इंग्रज गृहस्थ युद्धाचा इतिहास लिहू पाहतो. पण अखेर तो ग्रंथ लिहितो उग्वू, खेड्यातून आलेला घरगडी. ह्या दोन शेवटांमधील अठ्ठेचाळीस वर्षे हीच नायजेरियन साहित्याची कमाई होय. नकाशा ज्यांनी आखला त्यांच्या हातून कथा काढून घेणे हे त्या साहित्याने साधले. राष्ट्र सांगून झाले म्हणजे ते स्थिर होते असे मात्र नाही, हेही त्याने लपविले नाही. मराठी समीक्षेने ह्या कृतींचे वाचन मानववंशशास्त्राची सामग्री म्हणून किंवा दूरदेशीचे नवल म्हणून केले, तर त्या अधिकाऱ्याच्या परिच्छेदात आणखी एकाची भर पडेल. त्या वाचताना आपल्या स्वतःच्या रेषांची, बुडैलसारख्या अडकून राहिलेल्या गावांची आणि कोशाबाहेर राहिलेल्या शब्दांची आठवण ठेवली, तरच त्या मराठीत खऱ्या अर्थाने आल्या असे म्हणता येईल.